पांढऱ्या पट्टीच्या कुंड्या

बुरशीसरांच्या गच्चीवरचे कांदे जोमाने वाढायला लागले आणि सरांचं डोकं फिरलं.

कांदे वाढले म्हणून डोकं फिरणारा माणूस घरोघरी नसतो, तेव्हा हा माणूस काय करायचा ते आधी सांगून टाकलेलं बरं. सर एका संशोधन संस्थेत होते आणि मातीतल्या बुरशीवर त्यांनी उभी हयात घालवली होती. बुरशी म्हटलं की लोकांना शिळ्या पावावरची हिरवी लव आठवते आणि लोक नाक मुरडतात. सरांची बुरशी वेगळी. ती झाडाच्या मुळात शिरून तिथेच बिऱ्हाड थाटते. तिचे केसाहून बारीक धागे मातीत लांबवर जातात, मुळं जिथे पोचत नाहीत तिथून स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ओढून आणतात आणि झाडाला देतात. झाड त्या बदल्यात तिला साखर देतं, आणि दोघांचं बरं चाललेलं असतं. अडचण एकच, की ही बुरशी बाटलीत, बशीत, कशातच एकटी वाढत नाही. तिला जिवंत मूळच लागतं. त्यामुळे सरांनी जन्मभर हिंडून गोळा केलेल्या बुरश्या संस्थेतल्या त्यांच्या खोलीत गवताच्या कुंड्यांमध्ये राहत होत्या. प्रत्येक कुंडीत वेगळ्या ठिकाणची बुरशी, आणि वर दिसायला तेच ते गवत. नव्या माणसाला वाटायचं, यांना गवताचा नाद आहे. सरांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. बाकी शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना बुरशीसरच म्हणायचे.

वर्ष संपताना सर निवृत्त होणार होते आणि त्या खोलीवर सगळ्यांचा डोळा होता.

"सर, माझ्याही हातात फार नाही," विभागप्रमुख म्हणाले. ते एकेकाळचे सरांचेच विद्यार्थी, त्यामुळे नजर चुकवून पेपरवेट फिरवत बोलत होते. "तुमचा तो पेपर छापून आला, तर मला म्हणता येईल की काम चालू आहे, संग्रह ठेवायलाच हवा. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर लोकांच्या लेखी ते गवत आहे हो, सर."

पेपर अडला होता तो परीक्षकांच्या एका शेऱ्यावर. तुमची बुरशी घातलेले कांदे निकस मातीतही पोसतात हे आम्हाला मान्य, पण ज्या कुंड्यांत बुरशी घातलीच नव्हती त्या खरोखर निर्मळ होत्या कशावरून? प्रयोग पुन्हा करून दाखवा. सरांनी कपाळाला हात लावला. आणि नेमकं त्याच सुमाराला संस्थेने ग्रीनहाउसचं छप्पर दुरुस्तीसाठी उतरवलं. नवीन कधी बसणार असं विचारलं की बांधकामाचा मुकादम वर आकाशाकडे बघायचा. आता ते तिथून दिसतही छान होतं.

शेवटी सरांनी कुंड्या घरी आणल्या.

घरात माणसं तीन. सर, सरांची बायको आणि आक्का. बायको बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती आणि माणसाचं म्हणणं पुरं ऐकून मग नाही म्हणायची तिची हातोटी घरातही कामाला यायची. आक्का ही सरांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा आक्कानेच सरांना वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, एक मुलगी झाली, नवरा गेला, मुलगी आपल्या संसाराला लागली, आणि आक्का पुन्हा भावाकडे आली. सर साठीला टेकले तरी ती त्यांना 'धाकट्या' अशीच हाक मारायची, तीही खिडकीतून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी.

"हे बघा," कुंड्या वर चढत असताना बायको म्हणाली, "कुकर मिळणार नाही. आधीच सांगून ठेवते."

यामागे इतिहास होता. लग्नानंतर नवीन नवीन असताना सरांनी एकदा घरच्या कुकरमध्ये माती शिजवली होती. प्रयोगाची माती आधी शिजवून घ्यावी लागते, म्हणजे आतले सगळे जीव मरतात आणि पाटी कोरी होते. पाटी कोरी झाली, पण कुकरला वास राहिला तो कायमचा. तेव्हापासून बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमच्याकडे मातीच्याही शिट्ट्या होतात. या वेळी माती संस्थेतल्या मोठ्या यंत्रात दोनदा शिजवून आणली होती, त्यामुळे कुकर वाचला.

दोन डझन कुंड्या. निम्म्यांना लाल पट्टी, त्यांत बुरशी. निम्म्यांना पांढरी पट्टी, त्यांत काही नाही, नुसती शिजवलेली माती. सगळ्यांत सारखीच कांद्याची रोपं. ऊनवारा सगळ्यांना सारखा मिळावा म्हणून सरांनी लाल आणि पांढऱ्या कुंड्या एकाआड एक मांडल्या. शेवटची एक पांढरी कुंडी रांगेत मावेना, ती पाण्याच्या टाकीमागे सारली. तिच्यापर्यंत हात पोचत नसे, लांब तोटीच्या झारीने पाणी तेवढं पोचायचं. मग सरांनी दोघी बायकांना समोर उभं करून भाषण दिलं. कुंड्यांना हात लावायचा नाही. इकडची काडी तिकडे करायची नाही. लाल कुंडीतल्या मातीचा कण जरी पांढऱ्या कुंडीत पडला तरी सगळं मुसळ केरात. कपडे वाळत घालायला यायचं तर पलीकडच्या कोपऱ्यात, आणि येताना चपला बदलून.

"आणि मला काही वावगं दिसलं तर?" बायकोने विचारलं.

"तुला त्यातलं काय कळणार? प्रयोगाबद्दल मला काही सांगायचं नाही. मी बघतो माझं."

"बरं," बायको म्हणाली. हे 'बरं' सरांनी त्याच वेळी नीट ऐकायला हवं होतं.

सर कामाला लागले. सकाळी उठल्या उठल्या, तोंडात ब्रश घेऊन, ते वर एक चक्कर मारून यायचे. ही चक्कर ते कामात धरत नसत. काम म्हणजे नंतरचं. आंघोळ करून, हातमोजे चढवून, झारीची तोटी स्पिरिटने पुसून जे व्हायचं ते. सकाळी नुसतं बघायचं, कुणाला नवी पात फुटली, कुणाची माती सुकली, रात्री मांजर तर येऊन गेलं नाही ना. तोंडात फेस, अंगात उसवलेला बनियन, डोळ्यांवर अर्धी झोप. त्या वेळचे सर संस्थेतल्या कुणी पाहिले असते तर ओळखले नसते.

महिनाभरात फरक दिसू लागला. लाल पट्टीचे कांदे तरारून आले. पांढऱ्या पट्टीचे मात्र दोऱ्यासारखे बारीक, टोकाला पिवळे. सर खूश. जेवताना गुणगुणायला लागले.

आक्काला मात्र ते बघवेना. दुपारी ती वर जायची, सावलीत स्टूल टाकून बसायची आणि पांढऱ्या कुंड्यांकडे बघत राहायची. "बिचारी," संध्याकाळी ती म्हणायची. "काय पाप केलं रे त्यांनी? शेजारचा पोटभर जेवतोय आणि यांनी टुकुटुकु बघायचं."

"आक्का, ती कांद्याची रोपं आहेत."

"म्हणून काय झालं? ती टाकीमागची तर बघवत नाही. एक घास दिलास तर तुझं काय जाईल?"

"प्रयोग जाईल! माझी खोली जाईल! आक्का, हात लावलास तर बघ हं."

"लावत नाही रे. बोलतेय नुसती."

आणि मग पांढरे कांदे वाढायला लागले.

पहिल्यांदा सरांना वाटलं, आपल्या डोळ्यांचा दोष. मग वाटलं, उन्हाचा गुण. पण दिवसागणिक पांढऱ्या पट्टीच्या पाती जाड व्हायला लागल्या, पिवळेपणा गेला, आणि बघता बघता त्यांनी लाल कुंड्यांच्या खांद्याला खांदा लावला. एक ती टाकीमागची तेवढी खुरटलेली राहिली, पण तिला किडीने धरलं असेल असं म्हणून सरांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बुरशी नसलेले कांदे बुरशीवाल्यांइतकेच वाढत असतील, तर बुरशीने केलं काय? परीक्षक हसतील. विभागप्रमुख पेपरवेट फिरवतील. आणि आजवर जे सांगत आलो, छापत आलो, शिकवत आलो, ते सगळं काय, वाफ?

सरांनी एका पांढऱ्या कुंडीतलं थोडं मूळ कापलं आणि संस्थेत नेलं. कॉस्टिक सोड्यात उकळून ते पारदर्शक केलं, मग शाई आणि व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलं. एवढ्या मोठ्या शास्त्राला शेवटी दौतीतली शाई लागते, पण लागते खरी, कारण ती मुळावर बसत नाही, बुरशीवर बसते. मूळ काचपट्टीवर ठेवलं आणि सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. मुळाच्या पेशीपेशीत निळी, बारीक फांद्यांची नक्षी भरली होती. बुरशी. त्यांचीच, तीस वर्षांची ओळख असलेली. जिथे तिचा मागमूसही असायला नको होता तिथे ती ऐसपैस पसरून बसली होती.

क्षणभर सरांना बरं वाटलं, कारण शास्त्र खोटं पडलं नव्हतं. दुसऱ्याच क्षणी पित्त खवळलं. म्हणजे कुणीतरी माती टाकली होती! आणि ते कुणीतरी कोण, हे शोधायला मायक्रोस्कोप लागत नव्हता.

आक्काचा हा जुनाच उद्योग. लहानपणी सरांच्या वडिलांनी शिक्षा म्हणून त्यांचं जेवण बंद केलं, की आक्का गुपचूप झाकलेली ताटली घेऊन यायची आणि दाराआड उभी राहून म्हणायची, खा लवकर. घरात कुणीही उपाशी असलं की तिचा हात आपोआप चालायचा. मांजर असो, भिकारी असो, नाहीतर कांदा.

सर घरी आले ते चपला न काढताच स्वयंपाकघरात गेले.

"आक्का, तू लाल कुंडीतली माती पांढऱ्या कुंडीत टाकलीस."

आक्का भाजी निवडत होती. "नाही टाकली," ती म्हणाली.

"खोटं बोलू नकोस. मी मुळं बघितली."

"मुळं माझं नाव सांगत होती का?"

"थट्टा पुरे! रोज वर जाऊन बिचारी बिचारी कोण करत होतं? एक घास दिला तर काय जाईल, कोण म्हणत होतं? गेलं ना आता सगळं! जन्मभराच्या कामाची माती केलीस. तुला काय, तुला दया आली की झालं. दुसऱ्याचं काम म्हणजे काय असतं हे तुला कधी कळलंय? तू कधी केलंयस काय, ताटल्या पोचवण्यापलीकडे?"

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. बायकोने दारातूनच "अहो!" केलं, पण तोवर ते निघून गेलेलं होतं. आक्काने निवडलेली भाजी एकीकडे केली, देठं कागदात गुंडाळली, ओटा पुसला.

"मी टाकली नाही, धाकट्या," ती पुन्हा म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरून मुलीकडे निघून गेली. सर अडवायला गेले नाहीत. रागावलेल्या माणसाला वाटतं की आपण बरोबर आहोत, आणि आक्का गेली याचा अर्थही सरांनी तोच काढला.

घर सुनं झालं. बायको कामापुरतं बोलायची. जेवताना चमच्यांचा आवाज मोठा यायला लागला. वर गच्चीवर कांदे मात्र लेकाचे डोलत होते. त्यात घरातले कांदे संपले. "वर दोन डझन कुंड्या आहेत," बायको म्हणाली, "आणि मी कांदे विकत आणते आहे. हेही कुठेतरी छापून आणा."

एका सुट्टीच्या दिवशी सरांनी ठरवलं, निदान किती माती टाकली गेली ते तरी बघावं. त्यांनी एक पांढरी कुंडी आडवी करून उभी चिरली, मातीचा गड्डा मोकळा केला आणि वेगवेगळ्या ठिकाणची मुळं कापून संस्थेत नेऊन शाईत घातली. आक्काने वरून मूठभर माती टाकली असती तर बुरशी वरच्या थरात सगळीकडे सारखी सापडली असती. तशी ती नव्हती. ती सगळ्यात दाट होती एकाच जागी, काठाजवळ, दोनेक इंच खाली, आणि तिथून बाकी मुळांत पसरलेली. घरी परत येऊन त्यांनी इतर पांढऱ्या कुंड्या पाहिल्या. प्रत्येकीत, चालायच्या वाटेच्या बाजूला, काठाजवळ, मातीत एक गोल भोक होतं.

गांडूळ? शिजवलेल्या मातीत गांडूळ कुठून येणार? काठी? पेन्सिल? आक्काची विणायची सुई? सरांना काही सुचेना. मग त्यांनी टाकीमागची ती खुरटी कुंडी ओढून काढली. तिच्यात भोक नव्हतं. तिच्या मुळात, पुन्हा संस्थेत नेऊन शाईत घातल्यावर, निळा ठिपकासुद्धा दिसला नाही. कोरी. त्या सबंध गच्चीवरची एकमेव निर्मळ कुंडी.

सर मायक्रोस्कोपसमोर बसून राहिले. ती टाकीमागची तर बघवत नाही, आक्का म्हणाली होती. सगळ्यात बारीक, सगळ्यात पिवळी, सगळ्यात उपाशी ती. आक्काने एका जरी कुंडीत घास टाकला असता, तर तो आधी या कुंडीत पडला असता. टाकी हलवावी लागली असती तर तिने टाकी हलवली असती. म्हणजे आक्काने टाकली नव्हती. तिने दोनदा सांगितलं होतं, आणि सरांनी दोन्ही वेळा ऐकलं नव्हतं.

मग कोणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी सर नेहमीप्रमाणे तोंडात ब्रश घेऊन वर गेले. डोकं भणभणत होतं. पलीकडच्या कोपऱ्यात बायको कपडे वाळत घालत होती. सर पहिल्या लाल कुंडीपाशी वाकले, पात बघितली, शेजारच्या पांढरीपाशी गेले. भोक बघायला म्हणून वाकले, आणि वाकता वाकता थांबले. त्यांच्या उजव्या हाताचं बोट त्या भोकात होतं. कुणी सांगितलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. ते आपलं आपण गेलं होतं, आणि भोकात असं चपखल बसलं होतं की जणू माप देऊन शिवून घेतलं होतं.

सरांनी बोट बाहेर काढलं. बोटाला ओली माती लागलेली होती. पहिल्या कुंडीतलीही.

ब्रश तोंडातून खाली पडला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"मी... मी हे रोज करतो?"

"काय?"

"बोट घालतो? कुंडीत?"

"रोज. एकेका कुंडीत. ओल बघता ना?" बायकोने शर्ट झटकला. "ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. टाकीमागे तेवढा हात पोचत नाही तुमचा."

"आणि तू... तू बघत होतीस? मग सांगितलं का नाहीस?"

"मला काय माहीत? मला वाटलं, तो प्रयोगाचाच भाग आहे." तिने शांतपणे चिमटा लावला. "शिवाय तुम्हीच म्हणाला होतात, मला त्यातलं कळत नाही. प्रयोगाबद्दल काही सांगायचं नाही."

सर मटकन स्टुलावर बसले, आक्काच्या. संस्थेत आजवर त्यांनी हातमोज्याशिवाय एका कुंडीला स्पर्श केला नव्हता. तिथे ओल मोजायला यंत्र होतं, आणि हात न धुता ग्रीनहाउसमध्ये शिरलेल्या विद्यार्थ्याला त्यांनी भर वर्गात रडवलं होतं. पण ते संस्थेत. घरी, सकाळी, अर्ध्या झोपेत, तोंडात फेस असताना ते शास्त्रज्ञ नव्हतेच. ते आक्काचे धाकटे होते. आणि वरून माती कोरडी दिसली तरी फसू नकोस, बोट घालून बघ, हे त्यांना आक्कानेच शिकवलं होतं, त्यांचं डोकं कुंडीच्या काठाला लागत होतं तेव्हा.

"आता काय बसून राहणार?" बायको म्हणाली. "जा. आणि तोंड धुवून जा."

आक्काच्या मुलीचं घर दोन बस बदलून होतं. भाचीने दार उघडलं, "या मामा" म्हणाली, पण नेहमीसारखं हसली नाही, आणि आत निघून गेली. आक्का बाल्कनीत होती. तिथे चारपाच कुंड्या होत्या आणि आक्का त्यातल्या एकीत बोट घालून ओल बघत होती. सरांना हसावं की रडावं कळेना.

"आक्का," ते म्हणाले, "माती तू टाकली नाहीस."

"मग? मी काय सांगत होते?"

"मीच नेली. बोटाने. रोज सकाळी, ओल बघताना, या कुंडीतून त्या कुंडीत." सरांचा आवाज चिडका निघाला. त्यांना माफी मागायची होती, पण सवयच नव्हती, त्यामुळे ती भांडल्यासारखी बाहेर पडली. "बोट घालून बघायला तूच शिकवलं होतंस!"

"हो, शिकवलं होतं," आक्का म्हणाली. "आणि हात धुवायलाही मीच शिकवलं होतं. ते नाही राहिलं लक्षात."

आतून भाचीच्या हसण्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला. सर बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "तुला तसं बोलायला नको होतं मी. ताटल्यांचं."

आक्काने बोटाची माती कुंडीच्या काठाला पुसली. "माती टाकली म्हणालास, त्याचं मला एवढं नाही वाटलं," ती म्हणाली. "टाकण्यासारखी मी आहेच. रोज मनात यायचं. समोर लाल कुंडी, बाजूला ती मरतुकडी पोरं, चिमूटभर उचलायची आणि टाकायची, कोण बघतंय? मी हात मांडीखाली घेऊन बसायचे रे, धाकट्या. त्या स्टुलावर, दुपारभर. जन्मात कधी उपाशी जिवासमोर हात आवरला नाही, तो तुझ्यासाठी आवरला. आणि तू म्हणालास, दुसऱ्याचं काम म्हणजे काय असतं हे मला कळत नाही."

सरांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सरांनी परीक्षकांना खरं ते कळवलं. प्रयोग बिघडला, संशोधकाच्या बोटामुळे बिघडला, पांढऱ्या कुंड्यांत एकच काय ती निर्मळ राहिली, एका कुंडीवरून काही सिद्ध होत नाही. विभागप्रमुखांनाही सांगितलं. त्यांना वाटलं होतं ते पेपरवेट फिरवतील, पण ते खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. वर्गात रडलेला तो विद्यार्थी तेच होते. हसणं ओसरल्यावर म्हणाले, "सर, बोटाला लागेल एवढ्या मातीने मरायला टेकलेले कांदे उभे केले, म्हणजे तुमची बुरशी खरी आहे हे निदान मला तरी पटलं. पण छापायला हे चालायचं नाही. आणखी एक हंगाम खोली थोपवून धरतो. त्यापुढे माझं चालणार नाही."

एक हंगाम. सरांनी माती पुन्हा दोनदा शिजवली, नवी रोपं लावली, लाल आणि पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. आणि आक्काला आणायला गेले. ती आली, पण अट घालून. गच्चीची किल्ली तिच्याकडे. पाणी ती घालणार, हातमोजे घालून, आधी सगळ्या पांढऱ्या कुंड्यांना, मग हातमोजे बदलून लाल कुंड्यांना. धाकट्याने वर यायचं ते ती बरोबर असताना, दारातच उभं राहायचं आणि हात मागे बांधायचे.

"माझाच प्रयोग आणि मीच दारात उभा?" सर कडाडले.

"बरं," बायको म्हणाली. या वेळी सरांनी ते 'बरं' नीट ऐकलं आणि गप्प बसले.

महिनाभराने पांढऱ्या पट्टीचे कांदे दोऱ्यासारखे झाले, टोकाला पिवळे पडले. सगळं ठरल्याप्रमाणे, कागदावर असायला हवं तसं. सर दारात हात मागे बांधून उभे होते. आक्का झारी घेऊन पांढऱ्या कुंड्यांपाशी वाकत होती, सरकत होती, पुन्हा वाकत होती. त्यातलं एक रोप अगदीच मान टाकून पडलं होतं. सरांनी आजवर अशी हजारो रोपं मरताना पाहिली होती, मोजली होती, छापली होती. आज त्यांना वाटलं, एक चिमूट. शेजारच्या कुंडीतली. कोण बघतंय?

पाठीमागे बांधलेली बोटं त्यांनी घट्ट आवळली. आक्काने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"बघवत नसेल तर खाली जा," ती म्हणाली. "मला आता सवय झालीय."

सर मुकाट्याने खाली गेले आणि नळ सोडून हात धुतले.